वडील गेले ऑगस्टमध्ये, सही झाली ऑक्टोबरमध्ये: एका डिजिटल टोकनचं प्रकरण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक तरुण माझ्या ऑफिसात आला. वडिलांनी उभी केलेली छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून द्यायचं काम, चौदा कामगार. वडील ११ ऑगस्टला हृदयविकारानं गेले. बँकेचं कॅश क्रेडिट खातं नूतनीकरणाला आलं होतं आणि बँकेनं एवढंच सांगितलं होतं की संचालक मंडळातला बदल कंपनी निबंधकाकडे नोंदवा आणि त्याची पावती आणा. "मॅडम, एकच फॉर्म भरायचा आहे," तो म्हणाला. मृत्यूचा दाखला, वडिलांचं पॅन, कंपनीच्या कागदांची निळी फाइल, सगळं नीट लावून आणलं होतं.

प्रकरण लिहायला कुटुंबानं होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

कुठलाही बदल नोंदवण्याआधी मी कंपनीचे मागच्या दोन वर्षांचे फॉर्म पोर्टलवरून उतरवून घेते. त्या दिवशीही घेतले. ताज्या वर्षाचा ताळेबंद दाखल करण्याचा एओसी-४ उघडला, सहीच्या चौकटीवर क्लिक केलं, आणि बाजूला तपशिलाची पट्टी आली. स्वाक्षरीकर्त्याचं नाव: वडिलांचं. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र: क्लास ३ या वर्गाचं, मुदतीत. दस्तऐवजात सहीनंतर बदल नाही. सहीची वेळ: २४ ऑक्टोबर, सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटं.

शेजारी टेबलावर महापालिकेचा मृत्यूचा दाखला होता. ११ ऑगस्ट.

वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ए उघडला. तीच सही, २१ नोव्हेंबर. मुलाकडे बघितलं तर त्याच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. त्याला यात काही वावगं झालंय हेच ठाऊक नव्हतं. "बाबांचं टोकन अकाउंटंटकाकांकडेच असतं. पहिल्यापासून. पिनचा कागद त्यालाच चिकटवलेला आहे." टोकन म्हणजे डिजिटल सहीची किल्ली ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं यूएसबी साधन. ते संगणकाला लावून पिन टाकला की सही होते.

एओसी-४ सोबत जोडलेला ताळेबंद बघितल्यावर मला खरा घोर लागला. कागदावरच्या सहीची प्रत स्कॅन करून जोडायची असते. ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि संचालकांचा अहवाल, तिन्हींवर वडिलांची सही होती. तिन्ही ठिकाणी शेवटचा फराटा एकाच जागी तुटलेला, आडनावाच्या पहिल्या अक्षराखाली शाईचा तोच ठिपका. माणूस तीन वेळा सही करतो तेव्हा तीन सह्या होतात. ही एकच होती, जुन्या कागदावरून कापून तीनदा चिकटवलेली. दुसऱ्या संचालक म्हणजे मुलाची आई, त्यांची सही मात्र खरी होती, तिन्ही ठिकाणी थोडी थोडी वेगळी.

मागोमाग इतिवृत्ताची वही मागवली. ताळेबंद मंजूर करणारी संचालक मंडळाची सभा २ सप्टेंबरला झाल्याची नोंद होती आणि हजर म्हणून दोघांची नावं होती. कंपनीत संचालक दोनच, नवरा आणि बायको. म्हणजे त्या दिवशी मंडळात जिवंत माणूस एकच होता, आणि कंपनी कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे सभेला गणपूर्तीसाठी किमान दोन संचालक लागतात.

अकाउंटंटांशी मी त्याच संध्याकाळी बोलले. साठीचे गृहस्थ, बावीस वर्षं या कुटुंबाचं काम बघणारे. त्यांनी काहीही नाकारलं नाही. "घरात दुःख होतं. त्यात रोजचे शंभर रुपये लेट फी एका फॉर्मला. मालकांनी ताळेबंदाचा कच्चा मसुदा जुलैमध्ये बघून ओके केला होता. आकडा बदललेला नाही एकही. पोर्टलनं फॉर्म घेतला की मॅडम, काही अडचण आली नाही."

त्यांचं शेवटचं वाक्य गेली काही वर्षं मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे, आणि या प्रकरणाचा सगळा घोळ त्यातच आहे. पोर्टल काय तपासतं? प्रमाणपत्र परवानाधारक प्रमाणन संस्थेनं दिलंय का, मुदत संपली आहे का, रद्द झालेल्यांच्या यादीत आहे का, आणि ते त्या संचालकाच्या क्रमांकाशी, म्हणजे डीआयएनशी जोडलेलं आहे का. या चारही प्रश्नांची उत्तरं २४ ऑक्टोबरला बरोबर येत होती. टोकन यूएसबीला लावणारा हात कुणाचा आहे, हे पोर्टलला दिसत नाही. ते बघायची जबाबदारी कायद्यानं सही करणाऱ्यावरच टाकली आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये डिजिटल स्वाक्षरी आहे, म्हणजे खासगी आणि सार्वजनिक किल्ल्यांच्या जोडीवर चालणारी पद्धत: दस्तऐवजाचा एक गणिती ठसा काढायचा, तो खासगी किल्लीनं बंद करायचा, आणि समोरच्यानं सार्वजनिक किल्लीनं तो पडताळायचा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा जुळत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली, कलम ३ए घातलं आणि 'इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी' ही मोठी संज्ञा आली. आधार ओटीपीवर होणारी ई-साइन त्याच वाटेनं २०१५ मध्ये अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत शिरली. कलम ५ सांगतं की जिथे कायदा सही मागतो, तिथे विहित रीतीनं केलेली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी चालेल. कलम ६ सरकारी कार्यालयांपुढच्या अर्ज-विवरणांना तेच लागू करतं. पण कलम ९ हेही सांगतं की 'माझा कागद इलेक्ट्रॉनिकच घ्या' असा हक्क कुणी कार्यालयावर गाजवू शकत नाही. म्हणून कुठे काय चालतं हे त्या त्या खात्याचे नियम ठरवतात. कंपनीनं जीएसटीची नोंदणी घ्यायची तर डिजिटल स्वाक्षरीच लागते. पगारदार माणसाचं आयकर विवरण आधार ओटीपीनं पडताळलं जातं. निबंधकाकडच्या या फॉर्मना टोकन लागतं. कागदावरची सही मोबाइलनं फोटो काढून वर्ड फाइलमध्ये चिकटवली, तर ती यातल्या कशातच बसत नाही. ते सहीचं चित्र झालं. अनेकांना अजून वाटतं की चित्र म्हणजेच डिजिटल सही, आणि दुसऱ्या टोकाला, डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची छापील प्रत बघून त्यावर पिवळं प्रश्नचिन्ह आलंय म्हणून तो खोटा ठरवणारे लोकही मला भेटले आहेत. ते प्रश्नचिन्ह एवढंच सांगतं की पाहणाऱ्याच्या संगणकावरच्या प्रोग्रामनं भारताच्या मूळ प्रमाणपत्राला अजून ओळख दिलेली नाही. फाइल उघडून एकदा पडताळणी केली की तिथे हिरवी खूण येते. कागदावर छापलेलं चिन्ह कसं बदलणार?

आपल्या प्रकरणाला लागतं ते कलम १५. तिथे 'सुरक्षित' इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीची पहिली अट आहे: सही करण्याच्या क्षणी सहीचं साधन फक्त आणि फक्त स्वाक्षरीकर्त्याच्या ताब्यात असलं पाहिजे, दुसऱ्या कुणाच्याही नाही. ही अट पुरी असेल तरच साक्ष कायदा त्या सहीच्या पाठीशी उभा राहतो आणि ती त्याच माणसानं, मान्यतेच्या हेतूनं केली असं गृहीत धरतो. कलम ४२ आणखी पुढे जातं. खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी धारकानं घ्यायची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणन संस्थेला लगेच कळवायचं. कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच.

हे वाचून मी मुलाला म्हणाले होते की खरं सांगायचं तर चूक ११ ऑगस्टनंतर झालीच नाही. ती बावीस वर्षांपूर्वी नसेल, पण ज्या दिवशी टोकन पिनसकट दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये गेलं त्या दिवशी झाली. वडील जिवंत असताना झालेल्या सह्याही त्यांच्या 'एकट्याच्या ताब्यातल्या' नव्हत्या. फक्त तेव्हा ते हयात होते म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. एखाद्या फॉर्मवरून वाद झाला असता आणि 'ही सही मी केली नाही' असं त्यांना म्हणायचं असतं, तर किल्ली स्वतःच दुसऱ्याच्या हाती दिलेल्या माणसाचं ते म्हणणं कितपत टिकलं असतं?

आणि प्रमाणपत्र? कलम ३८ प्रमाणे धारकाच्या मृत्यूनंतर प्रमाणन संस्था ते रद्द करू शकते. पण संस्थेला मृत्यू कळवणार कोण? बँकेला कळवतात, विम्याला कळवतात, गॅस एजन्सीलाही कळवतात. टोकन देणाऱ्या संस्थेला कळवायचं असतं हे माझ्या आजवरच्या अशीलांपैकी एकाही कुटुंबाला आपणहून सुचलेलं नाही.

आम्ही पहिलं काम केलं ते ऑगस्टनंतर ही सही कुठे कुठे उमटली त्याची यादी. निबंधकाकडचे दोन फॉर्म तर होतेच. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर मालक म्हणून तीच सही नोंदलेली होती. तिथे तीन कामगारांच्या केवायसीला आणि एकाच्या खातं-बदलीच्या अर्जाला मंजुरी दिलेली निघाली. जीएसटीची विवरणं ओटीपीनं गेली होती आणि तो ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येत होता, कारण सिमकार्ड मुलानं चालू ठेवलं होतं. ओटीपी ही सहीच आहे, हे लोकांच्या मनात उतरत नाही. सहा आकडी नंबर आला, टाकला, झालं, असं वाटतं. पण विवरणावर त्या आकड्यांमागे नाव उमटतं ते अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचं.

यादी झाल्यावर सगळे मिळून बसलो: मुलगा, आई, अकाउंटंट, मी आणि एक वकील. एक सूचना लगेच आली आणि ती कुणाकडून आली ते महत्त्वाचं नाही. संचालकपद संपल्याची तारीख डिसेंबरातली टाकू, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे फॉर्म बसतील. मृत्यूचा दाखला त्याच फॉर्मला जोडायचा असतो, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतंच. पण जमत असतं तरी एका खोट्या सहीला झाकायला दुसरं खोटं विधान, तेही आता सगळं माहीत असताना, ही वेगळीच पायरी झाली असती. कंपनी कायद्याच्या कलम ४४८ मध्ये जाणूनबुजून खोट्या विधानाला कपटाची शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६सी मध्ये दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटानं किंवा अप्रामाणिकपणे वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. 'कपटानं किंवा अप्रामाणिकपणे' हे शब्द इथे फार मोलाचे. वकिलांचं म्हणणं असं की यात कुणाचा फायदा नाही, कुणाचं नुकसान नाही, एकही आकडा खोटा नाही, तेव्हा आपणहून, लवकर आणि पूर्ण सांगणं हाच प्रामाणिकपणाचा सर्वांत भक्कम पुरावा. तारीख ढकलली की तो पुरावा आपणच जाळतो. मला हे शंभर टक्के पटलं आणि मी स्पष्ट सांगितलं की दुसरी वाट धरायची असेल तर माझी सही त्यावर येणार नाही.

अकाउंटंट बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी खिशातून टोकन काढून आईंच्या समोर ठेवलं. त्याला सेलोटेपनं चिकटवलेला पिनचा कागद पिवळा पडला होता.

आता पुढचा पेच. कंपनीत उरलेल्या एकमेव संचालक म्हणजे आई, आणि त्यांच्याकडे चालू प्रमाणपत्रच नव्हतं. कंपनी स्थापन करताना काढलेलं कधीच संपलेलं. तेव्हा ते क्लास २ चं होतं, आणि तो वर्ग १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला आहे. नवं क्लास ३ काढायला गेलो तर पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. प्रमाणपत्रावरचं नाव, पॅन आणि डीआयएनमधलं नाव जुळल्याशिवाय पोर्टल ते जोडून घेत नाही. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या किती बायकांच्या वाट्याला हा फेरा येतो! पॅन दुरुस्त होऊन यायला तीन आठवडे गेले.

व्हिडिओ पडताळणी आम्ही माझ्या ऑफिसातच केली. काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, मोबाइलसमोर पॅनकार्ड धरलं, स्वतःचं नाव सांगितलं, अर्ज मीच केला आहे असं म्हणाल्या. पहिल्या वेळी आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा केलं. प्रमाणपत्र टोकनमध्ये उतरल्यावर पिन ठरवायची वेळ आली तेव्हा मी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि मुलालाही बाहेर जायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगं, तुम्हाला माहीत असला तर बरं नाही का? मी विसरीन." मी म्हटलं, "काकू, तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसणं, एवढीच तर या सहीची किंमत आहे."

वडिलांचं प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासह आम्ही त्याआधीच दिला होता. ते रद्द झाल्याचा ईमेल आला. रद्द झाल्यानं पुढच्या सह्या थांबतात, मागच्या पुसल्या जात नाहीत. म्हणून ११ ऑगस्ट ते रद्द होण्याचा दिवस, या काळाचा हिशेब कागदावर वेगळा मांडला.

संचालकपद संपल्याचा डीआयआर-१२ काकूंच्या सहीनं २५ फेब्रुवारीला गेला, खऱ्या तारखेसह. मुदत घटनेपासून ३० दिवसांची, म्हणजे १० सप्टेंबरपर्यंत, आणि उशीर १६८ दिवसांचा. कंपनीचं अधिकृत भांडवल १० लाख, त्यामुळे मूळ शुल्क ४०० रुपये आणि ९० ते १८० दिवसांच्या उशिराला त्याच्या दहापट जादा शुल्क, मिळून ४,४०० रुपये. मंडळात किमान संख्याच उरलेली नसली तरी कलम १७४ उरलेल्या संचालकाला दोन गोष्टी करू देतं: संख्या भरून काढणं किंवा सर्वसाधारण सभा बोलावणं. काकूंनी २१ दिवसांची नोटीस देऊन सभा बोलावली. मुलगा आधीपासून भागधारक होता म्हणून सभेची गणपूर्ती झाली आणि तो संचालक नेमला गेला. जीएसटीवर अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलला. भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर नवी सही नोंदवून आधीच्या चार मंजुऱ्यांबद्दल लेखी कळवलं, म्हणजे उद्या कामगारांच्या पैशाला त्यापायी अडथळा नको. हे सगळं लिहायला चार ओळी लागल्या, करायला दोन महिने.

बँकेचं काम त्यानंतर आठवड्यात झालं. ज्या पावतीसाठी तो मुलगा माझ्याकडे आला होता ती त्याला मिळाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या दोन फॉर्मचं काय, हा प्रश्न उरतो. निबंधकाकडे आम्ही सविस्तर अर्ज केला आहे. त्यात घटनाक्रम, मृत्यूचा दाखला, सहीच्या तपशिलाच्या छापील प्रती, प्रमाणपत्र रद्द झाल्याचा ईमेल, काकूंचं आणि अकाउंटंटांचं प्रतिज्ञापत्र, आणि दोन्ही फॉर्म सदोष म्हणून नोंदवून नव्यानं दाखल करू देण्याची विनंती. नव्या मंडळानं ताळेबंद पुन्हा मंजूर केला, लेखापरीक्षकांनी नवा अहवाल नव्या यूडीआयएनसह, म्हणजे अहवालाच्या नव्या ओळख क्रमांकासह, दिला. आकडे तेच आहेत, जुलैत वडिलांनी बघितलेले. जुना फॉर्म बाजूला झाल्याशिवाय त्याच वर्षाचा दुसरा बसत नाही, म्हणून अर्जाच्या निकालाची वाट बघतो आहोत. तोवर दोन्ही फॉर्म मिळून रोजचे २०० रुपये चढत आहेत असं धरूनच मुलानं पैसे बाजूला काढून ठेवलेत. वार्षिक सभेच्या मुदतीबद्दल वेगळी कारवाई होऊ शकते, तीही त्याला समजावून सांगितली आहे. ज्या लेट फीच्या भीतीनं हे सगळं घडलं ती टळली नाहीच.

माझ्या कपाटातही सात अशीलांची टोकन होती. सोय म्हणून ठेवलेली, पिन माझ्या असिस्टंटच्या वहीत. हे प्रकरण हातात असतानाच ती सगळी ज्याची त्याला परत केली आणि वहीचं ते पान त्यांच्यासमोर फाडलं. दोघांना राग आला. प्रत्येक फॉर्मला आम्ही यायचं का, असं एकानं विचारलं. मी हो म्हटलं. हल्ली दूरवरून स्क्रीन जोडून अशील स्वतःच्या टेबलावर स्वतः पिन टाकतो, दहा मिनिटांचं काम असतं. तरी त्यातला एक जण दुसरीकडे गेला.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. पिन विसरल्या होत्या, ठराविक वेळा चुकीचा टाकल्यावर टोकन लॉक झालं होतं. आता ते कोरं करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, पुन्हा पैसे, पुन्हा व्हिडिओ. मुलगा मागून म्हणत होता की मॅडमकडे लिहून ठेवला असता तर हा ताप झाला नसता. काकू त्याला म्हणाल्या, "गप रे. उद्या अकराला जाऊ आपण," आणि मला विचारलं, "पॅनकार्ड मूळच लागतं ना, झेरॉक्स नको?"